तीन एकर आणि आठ हरणं: मका, सोयाबीन की ज्वारी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही शिकागोजवळ राहता. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य भागात, डोंगरदऱ्यांच्या पट्ट्यात, तुम्ही २४ एकर जागा घेतली आहे. त्यातले २१ एकर ओकचं रान आणि ३ एकर उघडं, म्हणजे वर्षानुवर्षं न नांगरलेलं गवताचं कुरण. गेल्या मे महिन्यात तुम्ही एक एकर सोयाबीन पेरलंत आणि जुलैत तिथे तणाशिवाय काही उरलं नाही. ट्रॅक्टर नाही, एक एटीव्ही, म्हणजे रानात चालणारी छोटी चारचाकी, आहे. हिवाळ्यात मुलांना खिडकीतून हरणं दिसावीत आणि धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या तुमच्या मित्रालाही संधी मिळावी, एवढी अपेक्षा. आणि प्रश्न असा: "मका, सोयाबीन की ज्वारी, कोणतं धान्य लावू? गावाकडून मालदांडीचं बी आणलं तर चालेल का?"

मी राहुरीला शेती शिकलो आणि गेली २२ वर्षं तुमच्या जागेपासून फार लांब नसलेल्या टेकड्यांवर पीकसल्ल्याचं काम करतो. शेतकरी तर आहेतच, पण हरणांसाठी पेरणारे जमीनमालकही बरेच येतात. त्यातले बहुतेक जण तुमचाच प्रश्न घेऊन येतात: कोणतं पीक? माझ्या अनुभवात पीक ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे. आधी खाणारी तोंडं किती, आजूबाजूला काय पिकतं, आणि वर्षातल्या कोणत्या महिन्यात तुमच्या रानात खायला काही नसतं, हे कळायला हवं. तेवढं कळलं की पीक जवळजवळ आपोआप ठरतं.

तर आधी तुमचं सोयाबीन कुठे गेलं ते बघू.

सोयाबीन उगवतं तेव्हा दोन जाड डाळिंब्या माती फोडून वर येतात. रोपाचा वाढीचा कोंब त्या डाळिंब्यांच्या मधोमध, म्हणजे जमिनीच्या वर असतो. हरणाने डाळिंब्यांच्या खाली चावा घेतला की रोप संपलं, खालून फुटवा येत नाही. मक्याचं उलटं आहे. मक्याचा कोंब पाच-सहा पानं होईपर्यंत मातीखालीच सुरक्षित असतो. वरची पानं कुरतडली तरी पोंगा पुन्हा वर येतो. एकाच शेतात शेजारी शेजारी मका आणि सोयाबीन पेरलं तर जूनमध्ये मका उभा आणि सोयाबीन गायब दिसतं, त्याचं कारण हेच. मका हरणांना आवडत नाही असा अर्थ काढू नका.

पुढच्या वेळी गुडघ्यावर बसून रोपाचं देठ जवळून बघा. टोक तिरकं आणि सुरीने कापल्यासारखं स्वच्छ असेल तर ससा. टोक फाटलेलं, तंतू लोंबणारं असेल तर हरीण. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पान कापत नाही, खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत धरून ओढून तोडतं. एका मालकाने दोन वर्षं सशांना दोष देऊन जाळ्या लावल्या होत्या. मी त्याला एका ओळीतली दहा रोपं दाखवली, दहाही फाटलेली होती.

आता तोंडांचा ढोबळ हिशेब करू. समजा तुमच्या कुरणावर रोज आठ हरणं येतात. तुमच्या भागात ही संख्या काही फार नाही. एक हरीण दिवसाला साधारण तीन किलो चारा खातं, त्यातला निम्मा तुमच्या शेतातून धरू, म्हणजे दीड किलो. आठ हरणांचे झाले बारा किलो. एका एकरात सोयाबीनची १,४०,००० रोपं. नुकती पानं फुटलेलं रोप दीड ग्रॅमचं धरलं तर अख्ख्या एकरात २१० किलो हिरवं. सतरा-अठरा दिवसांत सगळं साफ, आणि ज्या रोपाचा कोंब गेला ते पुन्हा वाढणार नाही. तुमच्या बियाण्यात किंवा पेरणीत काही चूक झाली असेल असं मला वाटत नाही. एक एकर सोयाबीन आठ हरणांपुढे टिकतच नाही. पाच-सात एकर असतं तर हरणांच्या खाण्यापेक्षा पीक पुढे पळालं असतं. शेजारच्या शेतकऱ्याच्या चाळीस एकरांत हीच हरणं जातात आणि त्याला फक्त कडेच्या ओळी बुटक्या राहिलेल्या दिसतात.

आणखी एक गोष्ट मनात पक्की धरा. व्हाइटटेल, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा वावर साधारण एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. तुमचे तीन एकर त्याच्या ताटातला एक घास आहेत. तीन एकरांतून हरणं पोसली जात नाहीत. हरणं कोणत्या वेळी कुठे उभी राहतील, एवढंच तीन एकर ठरवू शकतात. तुम्हाला तेवढंच हवं आहे, त्यामुळे निराश व्हायचं कारण नाही.

आता महिने बघू. मे ते ऑगस्ट तुमच्या भागात हिरव्याची कमतरता नाही. रानातला पाला, शेजाऱ्यांचं अल्फाल्फा (लसूणघास), त्यांचं सोयाबीन, सगळं भरपूर असतं. सप्टेंबरच्या शेवटी ओकची फळं पडू लागतात. पांढऱ्या ओकची फळं गोडसर असतात आणि ज्या वर्षी ती भरघोस धरतात त्या वर्षी ऑक्टोबरात हरणं रानाबाहेर पाऊल टाकत नाहीत. तुमच्याकडे २१ एकर ओक आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दर वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर मला फोन येतात, "पीक चांगलं आलंय पण हरीण एकही नाही." पिकात दोष नसतो. तीन आठवडे थांबायचं. शेजाऱ्यांचा मका आणि सोयाबीन नोव्हेंबरपर्यंत कापून जातो. खरा उपासमारीचा काळ डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत. बर्फ साचलेला, रान उघडं, शेतं रिकामी. त्यातही मार्च वाईट, कारण चरबी संपलेली असते आणि गाभण माद्यांच्या पोटातलं पिल्लू वाढायला लागलेलं असतं.

म्हणजे तुम्हाला असं काहीतरी हवं जे उन्हाळ्यात कोवळेपणी खाऊन संपणार नाही, ऑक्टोबरनंतर हाताशी असेल आणि बर्फ वितळताच पुन्हा हिरवं होईल. या कसोटीवर एकेक पीक घासून बघू.

मका. हिवाळ्यात मक्याइतकी ऊर्जा देणारं दुसरं काही नाही. दाण्यात सुमारे ७० टक्के स्टार्च, प्रथिनं मात्र आठ-नऊ टक्केच. दीड-दोन फूट बर्फ पडला तरी कणीस वर असतं. एकरी ८० बुशेल आला, म्हणजे बेताचाच, तरी वीस क्विंटल दाणा होतो. आठ हरणांनी रोज किलोभर धरून चार महिने खाल्ला तरी दहा क्विंटल पुरतात, उरलेला रॅकून, टर्की आणि खारींचा. ऐकायला छान वाटतं. पण मक्याला नत्र लागतं. ८० बुशेलांसाठी एकरी शंभर पौंडांच्या आसपास नत्र, म्हणजे दोनशे पौंडांहून जास्त युरिया. पहिले पाच-सहा आठवडे तण ठेवून चालत नाही. आणि टोकणयंत्र हवं. मका फोकून लावलेला मी पाहिला आहे, तो कधी नीट आलेला पाहिलेला नाही. अर्ध्या एकराच्या आतला मका असेल तर दाण्यात चीक भरला की रॅकून रात्रीत ताटं आडवी करतात. परागीभवन वाऱ्यावर होतं, म्हणून लांबट पट्टीपेक्षा चौकोनी तुकडा बरा, नाहीतर कणसं अर्धी भरलेली मिळतात.

सोयाबीन. मी स्वतः हरणांसाठी एकच पीक निवडायचं म्हटलं आणि जागा दहा एकर असेल, तर डोळे मिटून सोयाबीन. उन्हाळ्यात पानात पंचवीस टक्क्यांच्या वर प्रथिनं, हिवाळ्यात दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं आणि अठरा-वीस टक्के तेल. जानेवारीच्या कडाक्यात उभ्या शेंगांवर जेवढी हरणं मी पाहिली तेवढी दुसऱ्या कशावर नाही. पानं पिवळी पडली की महिनाभर हरणं तिकडे बघत नाहीत, शेंगा वाळल्या की परततात. नत्र लागत नाही. मात्र कुरणात पहिल्यांदाच सोयाबीन घेत असाल तर रायझोबियमची, म्हणजे हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूची, बीजप्रक्रिया केलीच पाहिजे, कारण सोयाबीनचा जिवाणू त्या मातीत आपणहून नसतो. पण तीन एकरांवर सोयाबीन फक्त कुंपणात.

कुंपण म्हणजे विजेचं. बाहेर जमिनीपासून अठरा इंचांवर एक पट्टी, तिच्या आत तीन फुटांवर दुसरी रांग, तिच्यात दोन तारा: एक दहा इंचांवर, दुसरी चोवीस इंचांवर. एवढ्या बुटक्या तारा हरीण सहज ओलांडेल असं वाटतं. पण पुढे-मागे दोन रांगा असल्या की त्याला उडीचा अंदाज बांधता येत नाही आणि बहुतेक वेळा ते मागे फिरतं. यात एकच नियम आहे: करंट पेरणीच्या दिवशीच चालू हवा. एकदा चव लागली की मग हरीण तारेलाही जुमानत नाही. माझा स्वतःचा पहिला प्रयोग इथेच फसला. दीड एकर पेरलं, कुंपणाचं सामान आठवडाभर उशिरा आलं, आणि त्या आठवड्यात मी बेफिकीर राहिलो. तारा लावल्या तेव्हा आत राखण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मालकाचा हंगाम गेला, त्याचं वाईट आजही वाटतं.

आता ज्वारी. इथे थोडं थांबतो, कारण तुम्ही मालदांडीचं नाव काढलंत.

माझं बालपण कर्जत तालुक्यात गेलं, रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यापासून जवळ. ते अभयारण्य १९८० साली झालं, सव्वादोन चौरस किलोमीटरचं सुद्धा नाही. काळवीट कुठे अभयारण्याची हद्द बघतात! ज्वारी हुरड्यात आली की आम्ही माळ्यावर रात्रभर राखणीला बसायचो, हातात गोफण आणि शेजारी पत्र्याचा डबा. आज मी ज्या प्राण्यांसाठी पीक निवडून देतो, त्यांच्याच जातकुळीसारख्यांपासून तेव्हा पीक वाचवायचो. म्हणून तुमच्या प्रश्नामागची ओढ मला कळते. तरीही मालदांडी इथे आणू नका, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण दिवसाची लांबी. मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही रब्बीची ज्वारी. दिवस लहान झाला की ती निसवते. तुमच्या जागेवर जूनमध्ये दिवस पंधरा तासांहून मोठा असतो. ती नुसती उंच वाढत राहील, सप्टेंबरपर्यंत कणसाचा पत्ता नाही आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला पडणारी कडक थंडी ताटं जाळून टाकेल. दुसरं कारण कायद्याचं. परदेशातून बियाणं परवान्याशिवाय आणता येत नाही, सामानात लपवून तर मुळीच नाही. रोग आणि तण असेच एका खंडातून दुसऱ्या खंडात गेले आहेत.

इथली ज्वारी, जिला मायलो म्हणतात, ती तीन-चार फुटांची बुटकी, लवकर पिकणारी. ती कॅन्सस आणि टेक्ससच्या कोरड्या भागातलं उत्तम पीक. तिथे पाऊस कमी, मका जळतो, ज्वारी तग धरते, हरणं आणि लाव्हे दोघेही खातात. कोंबडीसारख्या रानपक्ष्यांसाठी तर ती छानच. पण तुमच्याकडे पाऊस बरा, माती थंड आणि चारही बाजूंना मका. ज्वारीला उगवायला माती सोळा-सतरा अंश सेल्सियस तापलेली लागते, म्हणजे तुमच्याकडे मेअखेर. पक्षी लागू नयेत म्हणून काढलेल्या काही वाणांच्या दाण्यात टॅनिन असतं, ते तुरट लागतं. शेजारी मका असताना हरीण ज्वारीकडे दुय्यम म्हणूनच बघतं. रस्त्यावरून कुरण दिसत असेल तर कडेने चाऱ्याच्या उंच ज्वारीच्या चार-पाच ओळी जरूर लावा. दहा फूट उंच आडोसा होतो आणि आडोसा असला की हरणं उजेडात बाहेर येतात. ज्वारीचा तुमच्याकडे एवढा उपयोग नक्की आहे.

राहिली थंडीची तृणधान्यं: ओट, गहू आणि रे. तुमच्या यादीत ती नव्हती. मला मात्र तुमचं उत्तर यांच्यातच दिसतं.

आधी नावाचा घोळ मिटवतो. इंग्रजीतलं रे म्हणजे आपली राई नव्हे. राई म्हणजे मोहरी. रे हे गव्हाच्या कुळातलं धान्य, ज्याची काळपट भाकरी युरोपात खातात. बियाण्याच्या दुकानात यापेक्षाही महागात पडणारा गोंधळ होतो. तिथे रे-ग्रास नावाचं गवतही मिळतं, नाव जवळपास तेच, पोतं सारखं. माझ्या एका ओळखीच्या मालकाने दुकानदाराच्या सांगण्यावरून रे म्हणून रे-ग्रास पेरलं. पुढची तीन वर्षं ते गवत निघता निघेना. पोत्यावरचं लेबल स्वतः वाचा. दाणा मुठीत घेऊन बघा: रेचा दाणा गव्हासारखा, थोडा सडपातळ आणि हिरवट-करडा. रे-ग्रासचं बी हलकं, कुसासारखं.

रेचं माझ्या मनात वेगळं स्थान आहे. गोठणबिंदूच्या जरा वर, दीड-दोन अंश सेल्सियसला सुद्धा ते उगवतं. मातीचा सामू साडेपाचच्या आसपास असला, म्हणजे बऱ्यापैकी आम्ल, तरी चालवून घेतं. नांगरट नसली तरी चालते. पाऊस येणार त्याच्या आदल्या दिवशी हाताने किंवा एटीव्हीच्या मागच्या छोट्या फेकणीयंत्राने फोकायचं, वरून साखळी किंवा जुनी जाळी ओढायची, झालं. त्याचा कोंब पातीच्या तळाशी, जमिनीलगत असतो, त्यामुळे हरणांनी दहा वेळा खाल्लं तरी अकराव्यांदा फुटतं. डिसेंबरात हरणं पुढच्या खुरांनी बर्फ उकरून खातात. आणि मार्चमध्ये बर्फ गेला की आख्ख्या दरीत पहिली हिरवी पट्टी रेची असते. तुमच्या भागात मार्चमधल्या एका संध्याकाळी अशा पट्टीवर मी एकोणीस हरणं मोजली होती. माना खाली, एकही डोकं वर नाही. बरगड्या मोजता येत होत्या.

ओट हरणांना रेपेक्षा जास्त आवडतो. तो गोड आणि मऊ असतो. ऑगस्टच्या शेवटी पेरला तर ऑक्टोबर-नोव्हेंबर गाजवतो. पण खरी थंडी पडली की मरतो. गहू या दोघांच्या मधला: रेपेक्षा चवदार, ओटपेक्षा चिवट, पण माती जरा बरी मागतो. तुमच्या जुन्या कुरणाची माती अजून तेवढी तयार नसावी असा माझा अंदाज आहे. मातीपरीक्षणात सामू सहाच्या वर निघाला तर मी गव्हाला हरकत घेणार नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर या वर्षी मका, सोयाबीन, ज्वारी काहीच लावलं नसतं. आत्ता बर्फ वितळतोय. जमीन मोकळी झाली की तिन्ही एकरांत दहा-बारा ठिकाणची माती घेऊन एकत्र करून प्रयोगशाळेत पाठवा. अहवालात चुना सांगितला असेल तर एप्रिलमध्येच टाका. चुना मातीत मुरायला महिने लागतात, पेरणीच्या दिवशी टाकलेल्या चुन्याचा त्या वर्षी फारसा उपयोग नाही. मे महिन्यात गवत वीतभर झालं की तणनाशक मारा. जुन्या कुरणाची मुळं नुसत्या वखराने मरत नाहीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात बकव्हीट, आपल्याकडे उपवासाला कुट्टूचं पीठ मिळतं तेच धान्य, एकरी पन्नास पौंड फोका. ते महिनाभरात फुलतं आणि जमीन अशी झाकतं की तणाला डोकं वर काढता येत नाही. हरणं थोडं खातील, खाऊ द्या. बी कडक व्हायच्या आत, जुलैच्या मध्याला ते कापा. ऑगस्टच्या २० तारखेपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार), पाऊस बघून, दोन ते अडीच एकरांवर एकरी ६० पौंड रे, ५० पौंड ओट आणि आठ पौंड लाल क्लोव्हर, म्हणजे शेंगवर्गातलं एक चारापीक. ओट शरद ऋतू सांभाळतो, रे हिवाळा आणि मार्च, आणि पुढच्या मे महिन्यात रे उंच होऊन कापलं की खाली क्लोव्हर तयार असतं. क्लोव्हर नत्र बांधतं. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत, पुढच्या पिकाला चांगला बेवड मिळतो.

त्या बेवडावर, तिसऱ्या वर्षी, एक एकराचा चौकोनी तुकडा मक्याला द्या. टोकणयंत्र विकत घेऊ नका. शेजारचा शेतकरी मे महिन्यात आपला मका टोकत असेल तेव्हा त्याला रोख पैसे देऊन तुमचा एकर टोकून घ्या. त्याला वीस मिनिटांचं काम आहे. त्याच्याशी ओळख वाढवा, तुमच्यासाठी ती बियाण्याइतकीच मोलाची आहे. त्याच्याकडे उरलेलं बी मिळालं तर घ्या, फक्त ते रंग लावलेलं, म्हणजे औषध चोळलेलं असतं हे लक्षात ठेवा. सांडलं तर मातीआड करा, पक्षी ते टिपतात आणि मरतात. आणि आलेल्या पिकातलं बी पुढच्या वर्षासाठी राखायचा आपल्याकडचा रिवाज इथे चालत नाही. संकरित मक्याचं बी दुसऱ्या पिढीत बिघडतं. पेटंट असलेल्या सोयाबीनचं बी पुन्हा पेरणं बेकायदेशीर आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इंडियानातल्या एका शेतकऱ्याच्या खटल्यात एकमताने तसा निकाल दिला.

"एवढं करण्यापेक्षा मक्याची चार पोती आणून ओतली तर?" हे तुम्ही विचारलेलं नाही, पण जानेवारीत मनात येईल, म्हणून आधीच सांगतो. ओतू नका. आपल्याकडे खळ्यावर सुटलेली म्हैस ज्वारीच्या राशीत तोंड घालते आणि सकाळी फुगून मेलेली सापडते, हे तुम्ही ऐकलं असेल. हरीणही रवंथ करणारंच. हिवाळ्यात त्याच्या पोटातले जिवाणू काड्या आणि साली पचवायला बसलेले असतात. अचानक पोटभर स्टार्च गेला तर पोटात आम्ल वाढतं आणि भरल्या पोटी हरीण मरतं. जिवाणू बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. उभा मका हरणं शरदापासून थोडा थोडा चाखत येतात, त्यामुळे तिथे हा धोका फार कमी.

दुसरं कारण रोगाचं. हरणांचा झिजवणारा रोग, ज्याला सीडब्ल्यूडी म्हणतात, तो विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली मॅडिसनच्या पश्चिमेला माउंट होरेबजवळ पहिल्यांदा सापडला. तुमचा भाग त्यापासून लांब नाही. त्यावर औषध नाही. लाळेतून आणि लघवीतून तो पसरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. एका ढिगात दहा हरणांची तोंडं म्हणजे रोगाला आमंत्रण. म्हणूनच रोग सापडलेल्या काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) खाद्य टाकायला आणि मिठाचे ठोकळे ठेवायला बंदी आहे. उभं पीक या बंदीत येत नाही. पण पीक कापून दाणा पुन्हा शेतात पसरला तर तो खाद्यच ठरतो. नियम दर वर्षी बदलू शकतात, हंगामाआधी राज्याच्या डीएनआर (नैसर्गिक संसाधन) खात्याकडून खात्री करून घ्या. तुमच्या मित्राने मारलेल्या हरणाची तपासणी हेच खातं मोफत करतं. ती केल्याशिवाय मांस घरात शिजवू नका.

शिकारीबद्दल तुम्ही जरा संकोचून लिहिलं आहे. आपल्यापैकी अनेकांना ते जड जातं, माझ्या घरीही जातं. पण तुमच्या भागात हरणांना खाणारं जनावर फारसं उरलेलं नाही आणि रानाची अवस्था बघितली तर ओकची नवी रोपं गुडघ्याच्या वर जाताना दिसत नाहीत. मित्राला एखादी मादी घेऊ द्या. तुमच्या क्लोव्हरसाठी आणि उरलेल्या हरणांच्या मार्च महिन्यासाठी ते चांगलंच आहे.

एक गोष्ट मात्र या वर्षी कराच. तेरा फूट लांबीची वेल्डमेश जाळी घ्या, गोल करून टोकं बांधा. चार फूट व्यासाचा पिंजरा होतो. पेरणीच्या दिवशी दोन खुंट्या ठोकून तो शेताच्या मध्ये उभा करा. प्रत्येक एकरात एक. आत हरणाचं तोंड जात नाही. महिन्याने आतलं आणि बाहेरचं पीक शेजारी शेजारी बघा. आत गुडघाभर आणि बाहेर बोटभर असेल तर तोंडं जास्त आहेत, मग मक्याचा एकर कुंपणाशिवाय लावायचा विचार सोडा. आत-बाहेर सारखंच बुटकं असेल तर दोष मातीचा आहे आणि हरणांना बोल लावण्यात अर्थ नाही. आत-बाहेर दोन्हीकडे भरगच्च असेल तर तिसऱ्या वर्षीचा मका दुसऱ्या वर्षीच लावायला हरकत नाही.

मातीचा अहवाल आला की त्यातला सामू, स्फुरद आणि पालाशचे आकडे इथे लिहा, आणि कुरणाचा उतार कोणत्या दिशेला आहे तेही. उत्तरेकडच्या उतारावर बर्फ दोन आठवडे जास्त राहतो. तुमचा उतार तसा असेल तर रे कुठल्या बाजूला आणि ओट कुठे, हे मला पुन्हा बघावं लागेल.